फोन एंगेज होता

अहो,

तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाला स्टँडवर सोडायला गेलात आणि इकडे दादाचा फोन लागला. उरणला आई गेली. दीड तास तो फोन फिरवत होता, सारखा एंगेज! आईला शेवटचं माझ्याशी बोलायचं होतं.

आई सीरियस आहे, फोन मोकळा ठेवा, असं मी दोनदा म्हटलं. पण ज्योत्स्ना आपल्याकडे येऊन फोनवर नवऱ्याशी बोलताना रडत होती, म्हणून तुम्ही मलाच दटावलंत, "बोलू दे गं बिचारीला."

परक्यांचं दुःख तुम्हाला भिंतीपलीकडून कळतं. लोकांना 'नाही' म्हणायला शिका आता. मला म्हणायला कधी शिकावं लागलं नाही तुम्हाला.

आमटी झाकून ठेवलीय. माझ्यामागे उरणला येऊ नका. फोनजवळ बसा, बिल्डिंगमधल्या कुणाचा तरी निरोप येईल.

स्मिता