मुका मार

१२ जाने. १९८८
गेटवरच्या पाटीवर आज १७१. म्हणजे कारखान्यात इतके दिवस अपघात नाही. वॉचमन रोज सकाळी खडूने आकडा बदलतो. दोनशे झाले की प्रत्येकाला स्टीलचा चार पुडी डबा. लोक पाटीकडे असे बघतात, जणू लॉटरीच.
आजपासून अपघाताचं रजिस्टर माझ्याकडे. मोठे साहेब (इथून पुढे मोसा, हात दुखतो) म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं, तुम्हीच लिहा." बी.ए.चा उपयोग झाला एकदाचा. घरी, बेलवलीत, आई सगळ्यांना सांगत सुटली.
मागची पानं चाळली. वर्षभर एकच शब्द, ब्रूझ. म्हणजे मुका मार, तो पाटीवर अपघात धरत नाहीत. हातोडी लागली, ब्रूझ. ॲसिड उडालं, तरी ब्रूझ. आधीचे कारकून रिटायर झाले, त्यांना बहुतेक तेवढाच शब्द येत असावा.

१५ जाने. शुक्रवार, सुट्टी
कॉलेजची डिक्शनरी काढली. आपल्याकडे खरचटतं, सोलतं, कापतं, ठेचतं, चेंगरतं, चेचतं. इंग्रजीत सगळ्यांवर एकच मोठी गोधडी, इंज्युरी. तिच्याखाली मग वेगवेगळे. वूंड म्हणजे कातडी फाटली. ब्रूझ म्हणजे कातडी शाबूत, मार आत. क्रश म्हणजे हाडासकट. इंज्युरीचा आणखी एक अर्थ दिलाय, अन्याय. तो कॉलम आमच्या रजिस्टरात नाही.
आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी काय हे अभद्र वाचत बसलीस.

२ फेब्रु.
पाटीवर १९२.
गणपतदादाचं डाव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट तीन नंबर प्रेसमध्ये आलं. त्या प्रेसची हात अडवणारी जाळी दिवाळीपासून काढून ठेवलीय. जाळी असली की माल कमी निघतो. रक्त फार नव्हतं. बोट चपटं झालेलं, नख निळं. मी पाहिलं. अगदी जवळून पाहिलं.
फर्स्ट-एडचे सिंधीकाका म्हणाले, "कुछ नहीं बेटा, सूजन है. उतर जाएगी."
मी क्रश लिहिणार होते. पेन टेकवलंही होतं. क्रश लिहिलं की सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, तो येतो, जाळी बसवायला लावतो. पाटी पुसून शून्य. दारात सात-आठ जण उभे. बोलला तो गणपतदादाच, हात पोटाशी धरून. "ताई, मुका मार टाका ना. आठ दिस राहिलेत. माझ्यापायी सगळ्यांचं कशाला?"
लिहिलं. ब्रूझ, मायनर. खाली माझी सही.
चहा आला माझ्यासाठी, न मागता.

१० फेब्रु.
दोनशे. डबे वाटले. मोसांचं भाषण झालं, सुरक्षितता वगैरे. गणपतदादाने उजव्या हाताने डबा घेतला. तो आठ दिवस स्टोअरमध्ये स्टुलावर बसून असतो. त्याचं हजेरीचं कार्ड कोणीतरी पंच करतं. कामावर हजर आहे, म्हणजे दुखापत किरकोळ, असा आमचा हिशेब.
घरी डबा आईने लगेच घासून फळीवर ठेवला. मला त्यात जेवण नेववेना. आईला सांगितलं, मोठा होतो.

१९ फेब्रु. शुक्रवार
आईला परकराचं कापड हवं होतं, म्हणून उल्हासनगर. कॅम्प पाचमध्ये गणपतदादाचं घर, तिथे डोकावले. उगाच डोकावले असं आता लिहिते, पण खरं तर ठरवूनच गेले होते.
वहिनींनी फडकं सोडलं. बोट काळं. वास. हळद-तेल लावत होते. वहिनी म्हणाल्या, "मुका मार हाय ना, येळ लागतो म्हनं. तुमीच लिवलंय न्हवं?" त्या टोमणा मारत नव्हत्या. विश्वासाने विचारत होत्या. त्यानेच जास्त लागलं.
आजच दवाखान्यात न्या, म्हटलं. आई कापड न घेताच स्टेशनकडे वळली.

२३ फेब्रु.
बोट काढलं. दोन पेरं.

९ मार्च
गणपतदादा विम्याच्या कचेरीत जाऊन आला. तिथल्या कारकुनाने कारखान्याचा पहिला रिपोर्ट वाचला नि साधंच विचारलं, "मुक्या माराने बोट कसं जाईल? दुसरीकडे कुठे लागलं का?" त्याचं तरी काय चुकलं. कागदावर ब्रूझ आहे, आणि समोर बोट नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. कागद जिंकला.
मोसांकडे गेले. म्हटलं, रजिस्टर दुरुस्त करते, त्या दिवशी चूक झाली. त्यांनी बसायला सांगितलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "बाई, अक्षर तुमचं, सही तुमची. आता खाडाखोड केलीत तर खोटं रेकॉर्ड केल्याचा ठपका तुमच्यावर. मला ते नको आहे. तुमचे कन्फर्मेशनचे कागद माझ्या टेबलावर आहेत." आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.
घेतलं एक. का घेतलं?

१० मार्च
टेम्पररी आहे म्हणजे दर सहा महिन्यांनी ब्रेक, काही दिवस बिनपगारी घरी. ब्रेकमध्ये आई शेजारणींना सांगते, तिला सुट्टी आहे. बाबा गेल्यापासून घरात पगार आणणारी मी एकटी.
काल रात्री सगळं आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "खरं बोलशील तर मी अडवणार नाही." मग बऱ्याच वेळाने, "पण मे महिन्यानंतर बोल." मेमध्ये माझा ब्रेक येतो, त्याआधी कन्फर्म झाले तर तो टळेल.
इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्ही मीच खणलेली.

२२ मार्च
संध्याकाळी गणपतदादा बेलवलीला घरी आला. पहिल्यांदाच. हात खिशात.
सही करून आलाय. त्या दिवशी मुका मारच होता, बोट नंतर घरी दारात सापडलं, असं. बदल्यात गेटवर वॉचमन, कायम. आता पाटीवरचा आकडा तोच बदलणार.
"ताई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. बोट काय परत येतंय थोडंच? मिटलं आता."
मिटलं म्हटल्यावर मला बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही. इतकं बरं वाटलं की त्याला आग्रह करून पोहे खायला लावले. तो गेल्यावर मोरीत जाऊन रडले.

३० मार्च
कन्फर्म झाले. आईने पेढे वाटले. सगळ्या कारखान्याने अभिनंदन केलं.
तीन नंबर प्रेस बघून आले. जाळी नाही. कशी असेल? मुक्या माराला जाळी लागत नाही.

४ एप्रिल, सोमवार
तीन नंबर. दुपारी सव्वातीन. अन्वर, चिखलोलीचा, गणपतदादाच्या जागी लागलेला. तीन बोटं. हा मुका मार नाही, हे आंधळ्यालाही दिसेल. मी आवाज ऐकून धावले. सिंधीकाका नुसतेच बसले, सूजन है म्हणाले नाहीत.
मोसा पुण्याला. फोन आला. "बाईंना म्हणावं, नेहमीप्रमाणे लिहा, मी उद्या येऊन बघतो." सुपरवायझर निरोप सांगून तिथेच उभा राहिला. दारात तेच सात-आठ जण. या वेळी मात्र कोणी माझ्या डोळ्याला डोळा देईना. गणपतदादा गेटवरून आला होता. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होते. त्याने तरी बोलावं म्हणून.
त्या दिवशी मी दुसरा शब्द लिहिला असता तर अन्वरचा हात शाबूत असता. हे कसंही फिरवून लिहिलं तरी तेच येतं.
तारीख लिहिली. नाव, वेळ, मशीन नंबर लिहिला. पुढचा कॉलम रिकामा. "घरी डिक्शनरी बघून लिहिते" म्हटलं नि रजिस्टर पिशवीत घातलं. गेटबाहेर न्यायची परवानगी नाही. झडती गणपतदादा घेतो. त्याने पिशवी उघडली, आत पाहिलं आणि बंद करून माझ्या हातात दिली.
आता रात्रीचे साडेसात. रजिस्टर ओट्याजवळ आहे. आई दोनदा त्याला वळसा घालून गेली. सकाळी आठच्या आत मोसांचा शिपाई न्यायला येईल.
पेनात शाई भरली आहे.