'नको, धन्यवाद' हे तयार उत्तर काढून टाकण्याबाबत

प्रति,
माननीय अभिप्राय व सुधारणा अधिकारी,
गप्पांच्या ॲपचे मुख्य कार्यालय.

विषय: ॲपमधील तयार उत्तरे बंद करणे व एक निरोप पोहोचवणे.
संदर्भ: आपले आपोआप आलेले उत्तर, 'तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे.'

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, माझे आरसे व काचकामाचे दुकान आहे. काचेच्या कडा घासून माझ्या बोटांची कातडी गुळगुळीत झाली असून फोनला ती बोटे कळत नाहीत. सबब मी बोटाच्या पेराने दाबतो, आणि पेराखाली अर्धा पडदा झाकला जातो.

१. माझा धाकटा भाऊ भांडून निघून गेला व त्याने परगावी स्वतःचे दुकान टाकले. बऱ्याच काळाने त्याचा निरोप आला: "दादा, दुकान चाललं नाही. परत येऊ का?" त्याखाली आपल्या ॲपने न विचारता तीन उत्तरे मांडली: 'अभिनंदन!', 'नंतर कळवतो' आणि 'नको, धन्यवाद'. मी लिहायला गेलो आणि पेर तिसऱ्यावर पडले.

२. घाबरून मी ते पुसायला गेलो, तर 'फक्त माझ्यासाठी काढा' दाबले गेले. म्हणजे माझ्याकडून गेले, त्याच्याकडे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेवढ्यात त्याने ते वाचलेही होते.

३. त्याने मला ब्लॉक केले. शेजारच्या शिंप्याच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच ठेवला आणि बिचाऱ्या शिंप्यालाही ब्लॉक केले. मी त्या गावी जाऊन आलो. दुकानावर दुसऱ्याची पाटी आहे, आणि तो कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नाही.

४. आई रोज विचारते, "काय रे, काही लिहिलं का त्यानं?" मी म्हणतो, "नेटवर्क नाही." तिने त्याची काच कापायची हिरकणी तेल लावून गल्ल्याशेजारी ठेवली आहे. महोदय, तिला खरे सांगण्याची माझी छाती होत नाही.

तरी विनंती की, तयार उत्तरे बंद करावीत. ते जमत नसल्यास 'नको' तरी काढावे. तेही जमत नसल्यास, नवीन सुधारणा आली की आपण सर्वांना सूचना पाठवता, ती त्यालाही जातेच. आपल्याला त्याने ब्लॉक केलेले नाही. त्या सूचनेच्या शेवटी सोबतचा मजकूर घालावा. इतरांना अर्थ लागणार नाही, त्याबद्दल त्यांची मी आधीच माफी मागतो.

आपल्या मागील उत्तराखालीही ॲपने मला तीन उत्तरे सुचवली होती. मी हात लावलेला नाही. हा अर्ज म्हणूनच पेनाने लिहिला आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
काचेच्या दुकानातला थोरला

सोबत:
१. उजव्या हाताच्या बोटांचा फोटो.
२. सूचनेत घालायचा मजकूर: "ये. दादा."