धुलिया नावाची फाइल

नाना, आज एक फाइल कुठे ठेवली ते आठवेना, म्हणून फाइंड कमांड लिहायला घेतली आणि तुमच्यावरचा जुनाच राग वर आला. जळगावच्या आपल्या क्लासमधल्या एका कॉम्प्युटरवर तुम्ही कुठल्याशा मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं होतं. नुसता काळा पडदा, माउसचा काही उपयोग नाही. मला वाटलं, मी तुमची मुलगी, मला आधी शिकवाल. पण तुमचा जीव त्या साक्रीकडच्या विद्यार्थिनीत. तीही तुम्हाला नानाच म्हणायची आणि तुम्ही चालवून घ्यायचात. ती चुकली की पुन्हा आपल्या गावचे, पिंपळनेरचे होऊन तिच्याशी अहिराणीत हसायचात. मी चुकले की शुद्ध मराठीत, पुन्हा वाच. घरात मी अहिराणीचा एक शब्द काढला तरी टोकायचात, लोक गावंढळ म्हणतील म्हणून.

संध्याकाळची बॅच दोघींपैकी कुणी शिकवायची ते ठरायचं होतं. मला ती हवीच होती, तुमच्या शेजारच्या खुर्चीसाठी. धुळ्याच्या बॅचची प्रश्नपत्रिका तुम्ही कुठल्या तरी डिरेक्टरीत दडवलीत आणि म्हणालात, जी शोधेल तिची बॅच. फाइलला नुसतं गावाचं नाव दिलंय, एवढंच सांगितलंत. मी फाइंड कमांडमध्ये इंग्रजीत 'धुळे' टाकलं. पहिलं अक्षर मोठं करून पाहिलं, मग लहान, मग सगळीच मोठी, कारण लिनक्सला त्यानं फरक पडतो हे मला पाठ होतं. काही हाती लागेना. तिनं धुळ्याच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे 'धुलिया' टाकलं आणि फाइलचा सगळा पत्ता पडद्यावर आला.

"कशी सापडनी वं माय तुले?" तुम्ही तिला विचारलंत.

"नाना, आमनाकडे जुनी पाटीवर तसंच लिखेल शे."

बॅच तिला गेली, पण मला लागलं ते तुमचं "वं माय". मला तुम्ही कधी माय म्हणाला नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा ती आली आणि दारातच बसून अहिराणीत मोठ्यानं रडली. जमलेल्या बायका तिलाच लेक समजून पाणी देत होत्या, आणि मी तिच्या रडण्यावरही जळत होते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. दिवाळीला तिचा फोन येतो. अजूनही जळते मी तिच्यावर. पण ती फोन ठेवायला लागली की उगीच काहीतरी विचारत राहते, कारण तुमचं बोलणं आता तिच्याच तोंडी उरलंय.