तुमच्या नावाची बातमी

अण्णा, आज तुमच्या नावानं बातमी आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि बातमी आजच्या तारखेची!

तुमच्या सिनेमा साप्ताहिकाची तुमच्या माघारी भागीदारकाकांनी वेबसाइट केली होती. गेल्या दिवाळीत त्यांनी ती परगावच्या कुणाला तरी विकून टाकली. नाव जुनंच ठेवलंय, त्यामुळं सोलापुरातले तुमचे वाचक अजून डोळे झाकून विश्वास ठेवतात. आई तर जेवणं उरकली की मोबाइलवर तेच उघडते. आज स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अगं, बघ की, ह्यांचं नाव आलंय!" केवढी हरखली होती! मग बातमी वाचली आणि मोबाइल माझ्या हातात ठेवला. तिच्या लाडक्या जुन्या नटीच्या निधनाची बातमी, आणि लिहिणारे म्हणून तुम्ही. नव्या मालकांनी लिहिणाऱ्यांची नावंसुद्धा जुनीच वापरलीत.

मला छापखान्यामागची तुमची खोली आठवली. मी कॉलेजातली, एका नटाच्या मरणाची ऐकीव बातमी घेऊन धावत आलेय. तुम्ही हातातलं काम बाजूला सारता, फोन ओढता, थेट त्याच्या घरी लावता आणि विचारता, "साहेबांचं जेवण झालं का?" गेले का, असं तुम्ही कधीच विचारत नसा. साहेब जेवून झोपलेले असतात. फोन ठेवून मला म्हणता, "लई घाई झाली व्हय गं तुला, माणूस मारायची?" तेव्हा रडले होते मी. आज ती बोलणी खायला जीव तुटतो.

काकांकडून नटीचा नंबर घेतला आणि तसंच विचारलं, "बाईंचं जेवण झालं का?" फोनवर बाईच होत्या. "झालं की! कोण बोलतंय?" मी तुमची मुलगी म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं विचारणारे ते एकटेच होते बघ."

मी तरातरा आईकडे गेले. म्हटलं, बाई ठणठणीत आहेत, आता त्या वेबसाइटवाल्या मेल्यांवर काडीचा विश्वास ठेवायचा नाही. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! आई डोळे पुसत म्हणाली, "बातमी खोटी असंल गं. पण नाव तर ह्यांचंच हाय की."

बातमीवरून तुमचं नाव काढा, अशी वेबसाइटवाल्यांना तक्रार लिहायला बसले होते अण्णा, आणि लिहून झालं हे. तक्रार काही मी करणार नाही. आई झोपल्यावर मीच तीनदा ते पान उघडून बघितलं.