कोठ्यातला बंडीचा माणूस

बाबा,

गुरायच्या कोठ्याचं दार उघडू नोका. तुमचा फोन लागून नाही राह्यला म्हणून दारावरच चिठ्ठी चिकटवली. बकऱ्या बाहेर निंबाले बांधल्या हायेत, भाकर झाकून ठेवली हाय.

तुमी रोज म्हणता, एक दिवस तुहं सारं भंगार उकिरड्यावर फेकतो. आज नोका फेकू, हात जोडते.

पुस्तकात वाचलं होतं, चाक म्हणजे बंडी नाही, जू म्हणजे बंडी नाही, मग बंडी असते कुठं? त्यावरून म्या आपल्या मोडक्या बैलबंडीच्या लाकडायचा माणूस जोडला. त्याले काळीज पाहिजे होतं. तुरीच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, सुतळीचा गोळा सापडला, वरून वाळलेलं पीठ. ते म्या चाकूनं खरडलं अन् गोळा तारेनं छातीत आवळला.

आत्ता शेजारचे नजीरचाचा पाहाले आले अन् दारातूनच मागं सरले. म्हणाले, "पोरी, हा डुकराचा बॉम्ब हाय. डुकरानं चावला का फुटते." गोळा अजून त्याच्या छातीतच हाय, म्या बाहेरून कडी घातली.

त्यायच्याच गाडीवर ठाण्यात चालली. कुठं सापडला विचारलं तर सडकेवर म्हणीन.

पण धुरा आपला हाय, बाबा. डुकरं तुरीत शिरले तवा तुमी म्हणलं होतं, यायचा बंदोबस्त करतोच. मले त्यावर भांडायचं नाही. उद्या निंदाले बाया येतात, त्यायची लेकरं धुऱ्यावरच खेळतात.

बाकीचे गोळे कुठं कुठं ठेवले, तेवढं मी येईस्तोवर आठवून ठेवा.

सुरभी