मल्हारचं उष्टावण

४ जानेवारी १९९९
आले एकदाची कुरकुंभला! दौंडपासून एसटीत उभं राहून पायांचे तुकडे पडले, पण पाळणाघर बघितलं आणि शीण गेला. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी पोरं सोडतात, शिफ्ट सुटली की तीनला नेतात. माझ्याकडे पूनमताईंचा मल्हार, सहा महिन्यांचा. बालसंगोपनाच्या कोर्समध्ये शिकवलं तशी रोजची नोंद मी ठेवायची. वजन, दात, हसू, रडू, कुणाकडे झेपावतो. आज वजन साडेसहा किलो. पालथा पडतो, बसत नाही, दात नाही.

वहीला सांगायला कसली लाज, मला लाळेची भारी किळस आहे. पंगतीत शेजारच्यानं बोटं चाटली तरी माझा घास अडतो. घरचे म्हणायचे, ही काय पोरं सांभाळणार! बघाच म्हणावं.

७ जानेवारी
पोरगं गोड आहे, पण लाळ किती गाळतं, अगं बाई! लाळेरं तासाभरात चिंब, वर फाटलेल्या दुधाचा आंबूस वास. आज पेज भरवली. फार गरम नाही ना म्हणून आधी मी चाखली आणि तोच चमचा त्याच्या तोंडात दिला. रंगुबाई इथल्या जुन्या मदतनीस. त्यांनी कपाळावर हातच मारला. म्हणाल्या, आवो बाई, पोराचं उष्टावण न्हाई झालं अजून, मामाच्या हातचा पयला घास ऱ्हायलाय, आन् तुमी सोताचं उष्टं घातलं व्हय? ज्याचं पयलं उष्टं खाल्लं, त्याच्यातलंच खाऊन पोरगं वाढतं. मला हसू आलं. चमचा बदलायला हवा होता, एवढी चूक मात्र माझी.

१२ जानेवारी
साडेसात किलो! आठ दिवसांत किलोभर. वर आधाराशिवाय बसतोही. पूनमताई खूश होऊन म्हणाल्या, ललिताबाई, तुमच्या हाताला गुण हाय. माझा मात्र खालचा पुढचा दात हलतोय. तेविसाव्या वर्षी, काय म्हणावं आता!

१५ जानेवारी
शी! जेवताना दात पडला. हातात घेतला तर आतून पोकळ, भुईमुगाच्या टरफलासारखा. मुळाला रक्ताचा बुळबुळीत धागा. मग मल्हारच्या हिरडीवर बोट फिरवलं. दात. कोवळा कोंब नाही, आख्खा, रुंद, मोठ्या माणसाचा. कोपऱ्याला पिवळा डाग. माझ्या दाताला होता तसाच. तो बोट सोडेना, चोखत राहिला. तीनदा साबण लावला तरी हाताचा वास जाईना.

१८ जानेवारी
रविवारी घरी वडगाव रासाईला गेले. लांब गेलं की सुटेल असं वाटलं होतं. भाकरीत दोन दात राहिले. आई म्हणाली, केवढी उतरलीस गं. आज आले तर मल्हारच्या तोंडात दोन नवे. पूनमताईंकडे जायला तयार नाही, माझ्याकडे झेपावतो. गालाला तोंड लावून चोखतो. ओठ कोमट, ढिले. गाल पदरानं घासून काढला. पण पळून उपयोग नाही, हे कळलं. जे काय करायचं ते इथंच.

२२ जानेवारी
रंगुबाईंनी पूनमताईंना गळ घालून आज रीतसर उष्टावण करवलं. मामा, भिमाजी, खीर घेऊन आले. मल्हारनं घास घेतला, थुंकला आणि माझ्याकडे बघून मिटक्या मारल्या. सगळे हसले. रंगुबाई हसल्या नाहीत. नंतर कानाशी येऊन म्हणाल्या, आता येकच. त्याच्या तोंडातलं तुमी खायाचं. गेलेलं म्हंजी माघारी यील.

२३ जानेवारी
खाल्लं.
त्यानं ओकलेली पेज. आंबट, कोमट, तार सुटलेली. नाक दाबून गिळली. दोनदा वर आली, दोनदा परत गिळली.
आणखी एक लिहायला हवं. शेवटचा चमचा मी हवासा वाटून घेतला.

२७ जानेवारी
दात आले नाहीत. लाळ आली — माझी. हनुवटीवरून गळते, ब्लाऊज ओला. लाळेरं बांधून बसते. रंगुबाई यायच्या बंद झाल्या. मल्हार चालतो. वजन — काट्यावरचे आकडे कळत नाहीत. भाकरी नको वाटते. त्याच्या तोंडातलंच — शी — तेच हवं —

२९ जानेवारी
पूनमताईंना सांगायचं. पोरगं आणू नका. पोरगं आणू नका. बोलताना शब्द निसटतात, म्हणून कागदावरही लिहून ठेवलं. एकदा त्यांनी वाचलं की सुटले.

३० जानेवारी
तीनला आल्या. तोंड उघडलं — ब्ब — ब्ब — एवढंच. त्या मागं सरल्या. पदर नाकाला.
कागद पुढं केला. मल्हारनं ओढला. तोंडात कोंबला. चावला — माझ्या दातांनी — गिळला.
मग कडेवरून बोलला. स्वच्छ. माझा आवाज. म्हणाला, सोमवारी येतो बाई.
पूनमताई हरखल्या. मुके घेतले त्याचे.
सोमवारच्या आधी — जायचं — उठता येईना — मान धरवे