साडूची वाजणारी गाडी

रविवार, १ सप्टेंबर

आजही तेच! साडूच्या गाडीचं बॉनेट उघडं, सासरे कमरेपर्यंत आत, साडू शेजारी टॉर्च धरून उभा. आणि मी? मी सोफ्यावर. हातात चहा, पुढ्यात बिस्किटांची बशी, डोक्यावर पंखा. मोठा जावई ना! ‘जावईबापू, तुम्ही बसा आरामात. कपडे खराब होतील तुमचे.’ बसलो आरामात. बसून बसून कंबर धरली.

सासऱ्यांचा उभा जन्म गॅरेजमध्ये गेला. सासूबाई गेल्या आणि त्यांनी गॅरेजही विकून टाकलं. आता घरात एकटेच. म्हणून आम्ही दोघे जावई आपापल्या बायकोला घेऊन रविवारी तिकडे जातो. बहिणी-बहिणी स्वयंपाकघरात गप्पा मारतात, साडू गाडीपाशी, मी सोफ्यावर. जागा ठरलेल्या.

साडूची गाडी म्हणजे चाकं लावलेला डबा. दोन मालकांनी पिळून काढलेली, तिसरा हा. सारखी वाजते. मी गेल्या वर्षी नवी कोरी गाडी घेतली. पहिल्यांदा दाखवायला नेली, तेव्हा सासऱ्यांनी भोवतीनं एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘रंग छान आहे.’

रंग! आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस, आणि मला म्हणतो रंग छान आहे!

मंगळवार, ३ सप्टेंबर

दुकानामागे आम्ही सगळे गाड्या लावतो. माझं चष्म्याचं दुकान, शेजारी केमिस्ट. केमिस्ट औषधांपेक्षा गाडीचे सल्ले जास्त देतो, तेही फुकट. हवा गाडी थंड असताना भरा. ऑइल बघायचं तर आधी गाडी सपाट जागेवर लावा. गाडी आठवडाभर उभी ठेवू नका, बॅटरी बसेल. आज सगळ्यांच्या गाड्यांबद्दल काही ना काही सांगून झालं आणि माझ्यापाशी येऊन म्हणतो, ‘तुमचं काय हो, नवी गाडी. काही होतच नाही. मजा आहे!’

मजा! ज्याचं जळतं त्याला कळतं.

रविवार, ८ सप्टेंबर

आज ठरवूनच गेलो होतो. चहा यायच्या आत सांगून टाकलं – ‘ब्रेक दाबला की जरा कुरकुर येते.’ (काही येत नाही. लोण्यासारखा लागतो ब्रेक.)

सासरे गंभीर झाले. मला वाटलं, आता उठतात! तर म्हणाले, ‘वॉरंटीत आहे ना? मग कंपनीच्या सेंटरला दाखवा. आम्ही हात लावला तर वॉरंटी जायची तुमची.’ आणि उठले – साडूच्या गाडीकडे.

खिडकीतून ऐकू येत होतं. ‘अरे, क्लचवर पाय ठेवून झोपतोस की काय? किती वेळा सांगितलं तुला! गिअर टाकला की पाय बाजूला!’ साडू हसत होता. चक्क शिव्या खात होता आणि हसत होता. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, सासऱ्यांनी कधी आवाज चढवून बोलावं? नाही. मला ‘तुम्ही’, मला ‘जावईबापू’, मला बिस्किटं. हा परवा आला – कानामागून आला आणि तिखट झाला.

परत येताना बायको म्हणाली, ‘तोंड का असं? काय झालं?’

‘काही नाही.’

‘ब्रेकची कुरकुर मला कशी नाही ऐकू आली?’

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

एका बाईंच्या चष्म्याची काडी घट्ट करताना स्क्रू इतका आवळला की तुटला! लक्ष कुठे असतं माझं?

रविवार, १५ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते लिहायलाच हवं.

साडू हात धुवायला आत आला होता. सासरे बाहेर एकटे. मी माझ्या जागेवर – सोफा, चहा, खिडकी. त्यांनी काम संपवलं, स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळला. मग दाराकडे बघितलं. कोणी नाही. फडकं पुन्हा सोडलं, बॉनेटमध्ये वाकले आणि एक स्क्रू फिरवला. डावीकडे.

डावीकडे! मी रोज दिवसभर स्क्रूच फिरवतो. घट्ट कुठे करतात आणि ढिला कुठे करतात, हे मला झोपेतही चुकायचं नाही. चांगले दोन आटे ढिला केला. मग बॉनेट आपटलं, आणि साडू बाहेर येताच काय म्हणाले? ‘झालं बघ. पण पुढच्या रविवारी एकदा आण हो. पुन्हा वाजेल असं वाटतंय.’

वाटतंय म्हणे!

सोमवार, १६ सप्टेंबर

केमिस्टला आडून आडून विचारलं – इंजिनपाशी अमुक जागी तो स्क्रू कसला असतो? ‘तो होय! गरम पाइपावरच्या पत्र्याचा. ढिला झाला की वाजतो नुसता. आणखी तीन आहेत, पत्रा कुठे पडत नाही. धोका काही नाही, डोकं मात्र उठतं.’

म्हणजे म्हातारबुवांनी अक्कलहुशारीनं निवडलाय. गाडीला इजा नाही आणि रविवार पक्का.

काल रात्री मला उकळ्या फुटत होत्या. सापडले! साडूला सांगितलं की संपला खेळ. तो घट्ट करून घेईल, मग बसेल माझ्या शेजारी, बिस्किटं खात. आज सकाळी आरशासमोर दाढी करता करता मात्र दुसरंच मनात आलं आणि तेव्हापासून जीव जळतोय. ज्यानं परत यावं असं वाटतं, त्याचा स्क्रू ढिला करतात ते. माझ्या गाडीला बोटसुद्धा लावत नाहीत. मी आलो काय, नाही आलो काय!

शुक्रवार, २० सप्टेंबर

राहवलं नाही. साडूच्या शाळेवर गेलो. तो खेळ शिकवतो. मैदानावर गळ्यात शिटी अडकवून उभा होता. बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं – अगदी मीठमसाला लावून.

तो हसला. ‘माहीत आहे, दादा.’

‘काय माहीत आहे?’

‘स्क्रूचं. पहिल्याच महिन्यात कळलं. घरी जाऊन बघितला तर ढिला. घट्ट केला. पुढच्या रविवारी गाडी वाजेना, तर बाबांचा चेहरा एवढासा झाला. तेव्हापासून हात लावत नाही मी. आठवडाभर वाजवत हिंडतो. पोरं लांबून ओळखतात – आले सर!’

‘आणि तू बोलला नाहीस कुणाला?’

‘काय बोलायचं? त्यांना सोफ्यावर बसून गप्पा मारता येत नाहीत, दादा. बॉनेट उघडं असलं की बोलतात. आईंबद्दलसुद्धा तिथेच बोलतात.’

मी परत आलो. आता हा चांगलाही निघाला! निदान लबाड तरी असायचा होता. मला धड रागही करता येईना. सासूबाईंबद्दल माझ्याशी ते एक अक्षर कधी बोललेले नाहीत.

रविवार, २२ सप्टेंबर

गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बायको बहिणीच्या गाडीतून गेली. आल्यावर म्हणाली, ‘बाबा विचारत होते तुला.’

‘काय विचारत होते?’

‘जावईबापूंनी गोळी घेतली का.’

शनिवार, २८ सप्टेंबर

हसू नये कुणी. केमिस्टनं सांगितलेला पाइपावरचा पत्रा शोधून माझ्या गाडीचा स्क्रू मीच ढिला केला. दोन आटे. गाडी चालू केली – वा! काय खडखडली! दुकानामागचे सगळे वळून बघायला लागले.

या वयात असले धंदे! बायकोला कळलं तर घराबाहेर काढेल.

रविवार, २९ सप्टेंबर

वाजत गेलो. बायको सारखी विचारत होती, काय झालंय गाडीला? फाटकाशी वळलो तर सासरे आवाज ऐकून आपणहून बाहेर आले. वॉरंटीचं नावही काढलं नाही. ‘उघडा बॉनेट.’

माझं बॉनेट! मी टॉर्च धरला. साडू मुद्दाम लांब उभा राहिला – कळलं मला ते. सासऱ्यांनी कान लावला, हात घातला, लगेच सापडला त्यांना. स्क्रूच्या डोक्यावर बोट फिरवलं. मग टॉर्च माझ्या हातातून घेऊन जवळ नेला. खाचेवर ताजा ओरखडा होता – माझा स्क्रूड्रायव्हर चष्म्याचा, बारीक, एकदा घसरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला. उजवीकडे फिरवला. करकचून. वर आणखी थोडा.

‘घट्ट केलाय. आता वाजायचा नाही.’

‘पुढच्या रविवारी आणू का एकदा?’ – हे मी विचारलं. अक्षरशः विचारलं!

‘कशाला? चांगली आहे गाडी.’

आत गेलो. खूप वेळ हात धुतले, काळे झालेही नव्हते फारसे. बाहेर आलो तर सासरे अजून माझ्या गाडीपाशीच, मागच्या बाजूला उकिडवे बसलेले. म्हणाले, ‘टायर बघत होतो.’ उठायला हात दिला, तो घेतला त्यांनी. मग चहा आला. सोफ्यावर.

चोरी पकडली जाणं एक वेळ परवडलं. पण करकचून आवळून परत पाठवलं मला! येताना गाडीचा आवाज नाही, बायकोचा नाही, माझा नाही. पुन्हा म्हणून तिकडे काही मागायला जाणार नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

फ्रेमची खोकी काढायला दुकानामागे डिकी उघडली. आपटून बंद केली – आणि नंबरप्लेट खडखडली! वाकून बघितलं. दोन्ही स्क्रू ढिले, अगदी सारखे, आणि कुठे एक ओरखडा नाही. मी तिथे हात लावलेला नाही. आई शप्पथ नाही!

केमिस्ट स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत आला. ‘सरका, दोन मिनिटांत आवळून देतो.’

‘खबरदार हात लावाल तर!’ मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडचा शिंपी बाहेर आला. ‘रविवारी बाबांना दाखवायचीय!’